पावतीसाठी उत्तर ध्रुवाकडे

रविवार, फोंडा.

पावसानं आज उघडीप दिलीच नाही, त्यात जेवणं आटोपता आटोपता वीज गेली. मडगावहून आलेल्या भाच्यानं माळ्यावरच्या पेटीतून माझं जुनं कॉमिक शोधून काढलं आणि आमची दुपार बर्फात गेली.

स्क्रूज मॅकडक. कार्ल बार्क्सनं १९४७ साली जन्माला घातलेलं, दमडी सोडताना जीव जाणारं श्रीमंत बदक. या गोष्टीत जुन्या दिवसांतला एक लबाड सावकार उपटतो: माझं कर्ज बाकी आहे, व्याजासकट अब्ज डॉलर टाक! फेडल्याची पावती तिकडे उत्तरेत राहिलेली. म्हातारा कुत्र्यांच्या घसरगाडीवर चढतो आणि सुटतो.

"मामा, एवढं व्याज होतं कुठे?" भाच्याला पटेना. म्हटलं, मोबाईल घे. हजार डॉलर, दर वर्षी दुप्पट. दाबत गेला. विसाव्या दाबाला आकडा शंभर कोटींच्या पुढे. त्यानं पुन्हा पहिल्यापासून दाबून बघितलं.

स्क्रूजनं पैसा केला तो कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यात. ती धावाधाव मात्र खरीच झालेली. ऑगस्ट १८९६ मध्ये सोनं सापडलं, लाखभर माणसं घरदार सोडून निघाली, पोचली तीसचाळीस हजार. वर्षाचा शिधा बरोबर नसेल तर कॅनडाचे पोलीस आत सोडत नसत. म्हणजे जवळजवळ टनभर सामान, चिलकूट खिंडीतून पाठीवर, फेऱ्या मारून मारून. आणि खिसे भरले ते बरेचसे फावडी नि पीठ विकणाऱ्यांचे! (काटेकोर बोलायचं तर क्लोंडाइकमधलं डॉसन गाव आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेलाच येतं. थंडीला हे कोण सांगणार?)

गोष्टीतला म्हातारा कुत्रा बार्को. नाव वाचलं की खराखुरा कुत्रा बाल्टो आठवतोच. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वीस गाडीवानांनी आळीपाळीनं हजारावर किलोमीटर घटसर्पावरचं औषध (प्रतिविष) पोचवलं, साडेपाच दिवसांत. शेवटचा टप्पा बाल्टोच्या गाडीचा, म्हणून न्यूयॉर्कमध्ये पुतळा त्याचा. सगळ्यांत लांब आणि धोक्याचा टप्पा ओढला टोगो नावाच्या दुसऱ्याच कुत्र्यानं. हे मला अजून खटकतं.

"आर्क्टिकला जायचं तर कुठून जायचं?" म्हटलं, वास्कोहून. तो हसला. पण तिथल्या हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, आणि आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं हिमाद्री हे आपलं ठाणं, २००८ साली सुरू झालेलं, तेच चालवतं. सड्यावरच्या दमट हवेत बसून बर्फाचा हिशेब ठेवणारी माणसं! स्क्रूजला ती आवडली असती.

मला वाटतं, स्क्रूजला नुसता कंजूष म्हणणं बरोबर नाही. खरा कंजूष घरात बसून कुढला असता. हा पावतीच्या एका चिठोऱ्यासाठी जीव धोक्यात घालतो, कारण फेडलेले पैसे पुन्हा द्यायचे म्हणजे अपमान. आमचे नाना त्याच जातीचे. देवघराशेजारच्या खिळ्याला त्यांची बिलांची तार टांगलेली असते. सगळ्यांत खालची बिलं ओलीनं एकमेकांना चिकटलीत, शाई जांभळी पसरलीय. काढून टाकू म्हटलं की नाना चष्म्यावरून बघतात.

संध्याकाळी भाच्यानं त्यांना सगळी गोष्ट हातवारे करून सांगितली. नानांनी शांतपणे ऐकून घेतली.

"एवढा पैसेवाला," ते म्हणाले, "आणि झेरॉक्स काढून ठेवायला काय झालं होतं त्याला?"