निपाणीच्या सोप्यातली दुपार

बेळगाव ते निपाणी सुमारे ७५ किलोमीटर. हमरस्ता चांगला, त्यामुळे गर्दीच्या बसमध्ये निपाणीजवळच्या तवंदी घाटापर्यंत उभं राहावं लागलं तरी अंग आंबत नाही. लिहायचंय ते बिडी वळणाऱ्या एका घराच्या सोप्याबद्दल, म्हणजे ओसरीबद्दल.

सोबतच्या अमेरिकन बाई तरुणपणी पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक सेवेतून आफ्रिकेतल्या एका खेड्यात राहिलेल्या. पुढे आयुष्यभर त्यांनी मदतकार्यावरच लिहिलं. १९६१ साली सुरू झालेल्या या सेवेत साधारण तीन महिने प्रशिक्षण, मग दोन वर्षं काम. परतल्यावर त्या देशाची ओळख आपल्या माणसांना करून देणं हेही सेवेच्या तीन उद्दिष्टांपैकी एक. भारतात हे स्वयंसेवक १९७६ पर्यंत होते.

त्या दोन वर्षांची सवय सोप्यात लगेच दिसली. कॅमेरा पिशवीतच राहिला. घरच्या मावशी म्हणाल्या, "आदी पान कापून बघा, मग लिवा की." बाई मांडी घालून बसल्या. रात्री भिजवून फडक्यात गुंडाळलेलं तेंदूचं पान घ्यायचं, त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री फिरवायची. जाड शीर काढायची, मांडीवरच्या सुपातला चिमूटभर जर्दा, म्हणजे तंबाखू, पसरायचा. एका बिडीला तो जेमतेम ०.२ ग्रॅम लागतो. वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. २५ बिड्यांचा एक कट्टा. पान पुरतं मऊ नसलं की वळतानाच चिरतं. बाईंची तीन पानं चिरली तेव्हा त्यांनी विचारलं, "ही कुणाच्या हिशेबात?"

खरी गोष्ट तिथून उलगडली. "दिवसाला किती मिळतं?" असं विचारलं की गोल उत्तर येतं. मजुरी हजारी, म्हणजे हजार बिड्यांमागे असते, म्हणून प्रश्नही हजारी करावा लागतो: हजाराला पान किती दिलं, त्यातलं खराब किती, कमी पडलेलं पान कुणी विकत घेतलं, पान कापताना छाट किती गेली. खराब पानाचा भुर्दंड बिडी वळणाऱ्या बाईच्याच पदरी पडतो. बाहेरून आलेल्यांच्या लिखाणात नेमकं हेच सुटतं, कारण दर विचारताना ठेकेदार दारात उभा असतो आणि दुभाषा पाच वाक्यांचं एक करतो. दुभाषी बाईच असावी, आणि तिने वाक्यामागून वाक्य सांगावं.

फोटोची परवानगी बाईंनी शेवटी मागितली. चेहरा छापला तर काम जाईल का, हे आधी विचारलं. मावशींनी हात दाखवायला होकार दिला, नावाला नाही. तेवढंच घेतलं. मग टिपण मराठीत वाचून दाखवलं. मावशींनी पानाचा आकडा दुरुस्त केला आणि "गरीब बिचारी" हे शब्द काढायला लावले.

तासाभरात तीन गावं उरकणाऱ्या पाहणी-दौऱ्यांचा मला मनापासून राग येतो. तिथे चहा-पोह्यांचा पाहुणचार होतो, कामाला मात्र कुणी हात लावत नाही. निपाणीला जाणार असाल तर अख्खी दुपार मोकळी ठेवा, आणि छापून आलं की मराठी प्रत त्या घरी पोचवायची जबाबदारी निघण्याआधीच एकावर टाका.