कत्तलेकानचा बिब्बा

कोल्हापूर सोडताना आमच्या भाड्याच्या गाडीच्या बंपरला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवलेली तार लटकत होती. चालकाने ती शनिवारीच बदलली होती आणि त्यातला बिब्बा काळाभोर, तेलकट आणि ताजा होता. मी ज्या झाडाला भेटायला निघालो होतो, ते या बिब्ब्याच्याच भावकीतले आहे असे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे आणि मग रस्त्याकडे पाहिले. चारशे किलोमीटर जाऊन बिब्बाच पाहायचा, तर तो किराणा दुकानात मिळतो, एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. वनस्पतिशास्त्रात बिब्ब्याच्या प्रजातीला (जवळच्या जातींच्या गटाला) ‘सेमेकार्पस’ म्हणतात, म्हणजे खूण करणारे फळ. परीट ज्या काळ्या रसाने कपड्यांवर खुणा करीत, त्यावरून हे नाव पडले. याच प्रजातीतले एक नवे झाड दासप्पा आणि एम. एच. स्वामीनाथ यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या कत्तलेकानच्या जंगलातून शोधून त्याचे वर्णन 2000 साली प्रसिद्ध केले. झाडाचे नाव सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. कन्नडमध्ये कत्तले म्हणजे अंधार आणि कान म्हणजे दाट सदाहरित रान. त्या ‘अंधाऱ्या राना’ला लॅटिनचा ‘अमुक ठिकाणचा’ या अर्थाचा प्रत्यय लागला आणि कन्नड शब्द शास्त्रीय नावात कायमचा बसला. त्या काळी नव्या वनस्पतीचे वर्णन लॅटिनमध्ये देणे बंधनकारक होते. ती अट 2012 पासून सैल झाली. अंधाऱ्या रानातल्या, चिखलात उभ्या असलेल्या झाडाच्या पानाफुलांचे वर्णन रोमन लोकांच्या भाषेत लिहावे लागावे, यातली गंमत मला अजून पुरेशी ओसरलेली वाटत नाही.

मला मुख्यतः छळत होता तो वेगळाच प्रश्न. हा मुलूख 1862 ते 1956 या काळात मुंबई इलाख्यात, नंतर मुंबई राज्यात होता. टॅल्बट या वनाधिकाऱ्याने इलाख्यातल्या वृक्षांच्या वर्णनांचे दोन खंड 1909 आणि 1911 साली छापले, आणि कारवारची जंगले त्याच्या पायाखालची होती. जोगहून होन्नावरकडे उतरणारा रस्ताही या रानाला चिकटूनच जातो. मग एवढे उंच झाड विसावे शतक संपेपर्यंत कोणाच्या यादीत का आले नाही?

प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. बेळगाव, हुबळी, शिरसी; शिरसीपुढे डोळे निवावेत असा हिरवा रस्ता आणि पाठ मोडावी असे खड्डे. दसऱ्यानंतरचे दिवस असल्यामुळे जोगला पाणी होते आणि पाण्यापेक्षा माणसे जास्त होती. प्रत्येक कठड्याला पाठ धबधब्याकडे करून उभ्या असलेल्या लोकांची रांग पाहून मी वीस मिनिटांत परतलो. सिद्दापूरजवळच्या ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथे मात्र तांबड्या भाताबरोबर तंबळी आणि अप्पेमिडीचे लोणचे वाढले गेले. नदीकाठच्या रानआंब्याच्या अंगठ्याएवढ्या कैऱ्यांचे हे लोणचे मी तीनदा मागून घेतले. आंबा, काजू आणि बिब्बा हे तिन्ही एकाच आम्रकुळातले, असे मी यजमानांना मोठ्या अधिकाराने सांगितले, आणि त्यांनी तितक्याच सौजन्याने ते पहिल्यांदाच ऐकत असल्याचे दाखवले. दुसऱ्या दिवशीच्या फजितीची ही पूर्वतयारी होती.

यजमानांचा पुतण्या शिरसीला वनशास्त्र शिकलेला. जंगलात जाण्याची परवानगी आणि वाट या दोन्ही गोष्टी त्याच्या हाती होत्या. रस्ता सोडून दहा मिनिटे उतरलो आणि पायाखालची जमीन बदलली. कत्तलेकानमध्ये रानजायफळांची दलदल आहे. संथ ओहळ, त्यात कुजणाऱ्या पानांचा काळा गाळ आणि त्या गाळातून गुडघे दुमडल्यासारखी वर आलेली मुळे. गाळात हवा नसते, म्हणून ही झाडे मुळांनीच चिखलाबाहेर डोके काढून श्वास घेतात. काहींच्या खोडांना तिवईसारखे टेकू फुटलेले असतात. आपल्याकडे दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे अशीच एक छोटी दलदल आहे आणि महाराष्ट्राने तिला जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केले आहे. पण तिथे मी कधी गेलो नाही आणि इथे मात्र नऊ तास गाडी हाकून आलो, याची मला इथल्या चिखलात उभे असतानाच लाज वाटली. जळवांनी ती फार वेळ टिकू दिली नाही.

ओहळाच्या काठावर एक उंच झाड दिसले. फांद्यांच्या टोकांशी लांबट पानांचे झुबके, खोडावर काळ्याकुट्ट रसाचे ओघळ. बिब्ब्याचा रस हवा लागली की काळा पडतो, हे मला ठाऊक होते. म्हणून खात्रीच पटली. मी कॅमेरा काढला. खोडाची, ओघळांची, पानांची, बुंध्याशी पडलेल्या वाळक्या पाचोळ्याची छायाचित्रे काढत मी त्या झाडाभोवती अर्धा तास फिरलो. पुतण्या ओहळापलीकडे कुठल्याशा बेडकाच्या मागे लागला होता. शेवटी हाताच्या उंचीवर आलेली एक कोवळी फांदी वाकवून पाहावी म्हणून मी हात पुढे केला, तेव्हा तो ओरडला, ‘‘सर, मुट्टबेडी!’’ हात लावू नका. तो पाणी तुडवत आला, खिशातला रुमाल बोटांना गुंडाळून त्याने ती फांदी वाकवली आणि पानाच्या देठाकडे बोट दाखवले. देठावर दोन बारीक, मऊ काट्यांसारखी टोके होती, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान.

‘‘हे होळगेरु आहे, सर. होलिगार्ना.’’

म्हणजे आपल्या कोकणातली हुलगिरी, जिला रानबिब्बाही म्हणतात. तीही आम्रकुळातलीच, तिचाही रस काळा पडतो आणि तीही अंगावर उतते. देठावरची ही दोन टोके हुलगिरीची खूण. बिब्ब्याच्या प्रजातीत ती नसतात. त्याने मग फळातला फरक सांगितला, तो अधिक पक्का आहे. बिब्ब्याचे फळ फुगलेल्या देठावर काजूसारखे वर बसते, तर हुलगिरीचे फळ त्या गरात खाली रुतलेले असते. देठावरची टोके पान जून झाले की गळूनही जातात, म्हणून जमिनीवरच्या पाचोळ्यावर विसंबणारा माणूस हमखास फसतो. मी नेमका त्या पाचोळ्याची अकरा छायाचित्रे काढून उभा होतो.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच मिळाले असे मी मानतो. शास्त्रीय उत्तर वेगळे असेल. यजमानांच्या आजोबांपासून सगळ्या घराला ‘होळगेरु’ हा एकच शब्द पुरत होता, कारण अशा झाडाबाबत एवढेच जाणून घ्यायचे असते की त्याच्यापासून चार हात दूर राहावे. माझ्या आजीच्या हातावर लहानपणी बिब्बा उतल्याचा डाग शेवटपर्यंत होता. तिनेही बिब्ब्याच्या झाडाची पाने निरखल्याचे मला आठवत नाही. नवे झाड ओळखायचे तर फुलोरा हातात घ्यावा लागतो, नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्यामुळे दोन्हींचा घ्यावा लागतो, भिंगाखाली बीजकोश उघडून पाहावा लागतो आणि जुन्या वनस्पतिसंग्रहांतल्या वाळक्या नमुन्यांशी तो ताडून पाहावा लागतो. त्यातून एक नमुना निवडून त्या कागदाला नाव कायमचे जोडले जाते. ज्याला कोणी हात लावत नाही, त्याचा हा कागद तयार व्हायला उशीर होणारच.

खरे झाड त्यापुढे शंभरेक पावलांवर, ओहळाच्या ऐन मध्ये होते. मी त्याची फक्त तीन छायाचित्रे काढली, कारण प्रकाश नव्हता. कत्तलेकान हे नाव उगाच पडलेले नाही. फुलोरा नव्हता, फळे नव्हती. वर शेंड्याला मोठ्या पानांचा छत्रीसारखा पसारा आणि खाली नितळ, पाण्यात उभे असलेले खोड. खरे सांगायचे तर, ओळख करून दिली नसती तर मी त्याच्याखालून निघून गेलो असतो. ज्याला सर्वसामान्य माणूस ‘फुलणारे झाड’ म्हणतो, तसे हे नव्हे. बहावा किंवा तामण पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची निराशा होईल. माझी झाली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. नऊ तासांचा प्रवास, दोन्ही पोटऱ्यांवर जळवांचे रक्त आणि समोर एक उंच, निर्विकार खोड.

पुतण्या मात्र त्या झाडाजवळ गप्प झाला. याची बी फार काळ जिवंत राहत नाही, साठवून ठेवता येत नाही, असे त्याने नंतर सांगितले. अशा दलदली हिशेबाच्याच उरल्या आहेत आणि झाड अतिसंकटग्रस्त मानले जाते. बाकीच्या दलदली कुठे गेल्या, हे मी जेवताना विचारले. यजमानांनी वाढता वाढता खिडकीबाहेर हात केला. खाली, त्याच प्रकारच्या ओहळाच्या खोऱ्यात, त्यांच्या पणजोबांनी लावलेली सुपारीची बाग सरळ रांगेत उभी होती. ‘‘तिथे पूर्वी पाय रुतायचा,’’ ते म्हणाले आणि त्यांनी मला पुन्हा लोणचे वाढले. या वेळी मी आम्रकुळाबद्दल काही बोललो नाही.

परतीच्या वाटेवर हुबळीपर्यंत मी झोपलो. घरी आल्यावर संगणकावर छायाचित्रे उतरवून ‘नवी जाती’ नावाचा फोल्डर उघडला, तेव्हा त्यात एकूण चव्वेचाळीस निघाली. त्यातली एकेचाळीस वेगळी काढून त्यांच्या फोल्डरला ‘हुलगिरी’ हे नाव दिले. उरलेल्या तिन्हींत झाड काळ्या पार्श्वभूमीवर काळे दिसते.