नागपूरची चिठ्ठी लागलेली बॅग

आईला घेऊन म्युनिकहून नागपूरला जाण्याचा हा प्रवास मी मुद्दाम ठरवला होता. तिचे दहा आठवडे माझ्याकडे राहणे, नातवंडांचे लाड, इसार नदीकाठचे फिरणे आणि थंडी सुरू होताच लागलेली घराची ओढ या सगळ्याविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण आज मला लिहायचे आहे ते मुंबईच्या विमानतळावरील एका तासाविषयीच.

त्याआधी मागच्या वर्षीचे सांगितले पाहिजे. त्या वर्षी आई एकटीच परतली होती. तिकीट एकच होते, म्युनिक ते मुंबई आणि पुढे मुंबई ते नागपूर. म्युनिकच्या काउंटरवरील मुलीने बॅगेला चिठ्ठी लावली, त्यावर मोठ्या अक्षरांत नागपूरचा संकेत एनएजी छापलेला होता, आणि तिने हसून सांगितले की बॅग आता थेट नागपूरलाच मिळेल. मी ते मराठीत आईला सांगितले; एकदा नव्हे, तीनदा सांगितले. “मुंबईत बॅगेची काळजी करू नकोस, नुसती विमान बदल,” हे माझेच शब्द होते. मुंबईत तिची व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाने सामानाच्या पट्ट्याजवळ तिला विचारलेही होते की मावशी, बॅग घ्यायची आहे का; आणि आईने माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवून त्याला सांगितले की नाही, ती नागपूरला मिळणार आहे.

नागपूरच्या पट्ट्यावर बॅग आली नाही. ती मुंबईतच पट्ट्यावर फिरत राहिली होती आणि पुढे कोणीतरी ती उतरवून बाजूला ठेवली होती. त्यानंतर तक्रारीचा अर्ज, पासपोर्टची प्रत, आईच्या सहीचे अधिकारपत्र आणि रोजचे फोन असे सगळे होऊन पाचव्या दिवशी बॅग घरी पोहोचली. रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत होत्या. गोळ्या नागपुरात विकत मिळाल्या, त्यामुळे त्या बाबतीत काही बिघडले नाही; बिघडले ते वेगळेच. घरात, नातेवाइकांत आणि शेजारी ही गोष्ट “आई मुंबईत बॅग विसरली” अशी पसरली. वय झाले आता, एकटीने प्रवास करू नये, असे तिला वर्षभर ऐकावे लागले. तिने एकदाही कोणाला सांगितले नाही की मला लेकीनेच तसे सांगितले होते. आणि मीही ते कोणाला सांगितले नाही.

बॅग थेट का जात नाही, याचे कारण मी नंतर नीट समजून घेतले, आणि ते समजल्यावर मला स्वतःचाच अधिक राग आला, कारण ते मुळीच अवघड नाही. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाचा पासपोर्ट आणि त्याचे सामान या दोन्हींची तपासणी तो भारतात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथे होते. मुंबई ते नागपूर हे विमान देशांतर्गत असते. त्यात मुंबईहून घरी निघालेले इतर प्रवासी असतात, आणि नागपूरला त्या विमानाचे सामान देशांतर्गत पट्ट्यावर येते, जिथे कस्टम्सचा अधिकारी नसतो. म्हणून बॅग मुंबईतच हातात घ्यायची, कस्टम्समधून बाहेर न्यायची आणि पुन्हा विमान कंपनीच्या ताब्यात द्यायची. चिठ्ठीवर नागपूर लिहिलेले असते ते खरेच असते, पण त्या बॅगेला मधला टप्पा मालकाच्या हातानेच पार करावा लागतो, हे चिठ्ठीवर कोठेही लिहिलेले नसते. आखातातून थेट नागपूरला उतरणाऱ्या विमानाने आले तर हा खटाटोप नागपूरलाच होतो, आणि आईसारख्यांसाठी तो मार्ग कदाचित अधिक सोयीचा आहे. मी मात्र दोन्ही वेळा म्युनिकहून थेट मुंबईला येणारे विमान निवडले, कारण मला एकच लांब उड्डाण सोपे वाटले होते.

या वेळी आम्ही रात्री एकच्या सुमारास मुंबईत उतरलो. पुढचे विमान पहाटे सहाच्या आसपास होते, म्हणजे वेळ भरपूर होता. टर्मिनल दोन 2014 साली सुरू झाले तेव्हापासून मी त्याचे कौतुक ऐकत आणि करत आले आहे. मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेले ते पांढरे खांब आणि भिंतींवरील कलावस्तू खरोखर सुंदर आहेत. पण आठ तासांच्या प्रवासानंतर गुडघे दुखत असलेल्या सत्तरीच्या बाईला तिथे पहिल्यांदा जाणवते ते अंतर. व्हीलचेअर सांगून ठेवलेली होती, तरीही विमानाच्या दारापाशी आम्हाला पाऊण तास थांबावे लागले, कारण मागणाऱ्यांची संख्या खुर्च्यांपेक्षा आणि त्या ढकलणाऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होती. त्या रात्री खुर्चीची वाट पाहणारे जवळजवळ सगळे आजी-आजोबाच होते, आणि बहुतेक जण एकटे होते. परदेशात मुले असलेल्या आपल्या किती घरांचा हा प्रवास आहे, हे त्या रांगेत उभे राहिल्यावर कळते.

पासपोर्टची तपासणी लवकर आटोपली. पट्ट्यापाशी आलो तेव्हा आईने खुर्ची अगदी कडेला घ्यायला लावली. तिने दोन्ही बॅगांच्या मुठींना जुन्या इरकली साडीचा लाल काठ बांधला होता, आणि प्रत्येक काळी बॅग समोरून जाताना ती पुढे वाकून पाहत होती. मी तिला दोनदा म्हटले की मी आहे ना. तिने मान हलवली आणि पुन्हा वाकून पाहू लागली. पहिली बॅग आली तेव्हा तिने खुर्चीतूनच तिच्यावर हात ठेवला आणि मी ती उचलेपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या बॅगेची वाट पाहत असताना आमच्या मागून एक वयस्कर जोडपे सावकाश कस्टम्सच्या हिरव्या मार्गिकेकडे, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेकडे निघाले. आमच्याच विमानात, आमच्या चार-पाच रांगा मागे ते बसले होते. आजोबांच्या खांद्याला एक पिशवी, आजींच्या हातात दुसरी, बाकी काहीच नाही. आईने त्यांना पाहिले आणि मी काही बोलण्याच्या आधीच हाक मारली.

“अहो भाऊ, थांबा जरा. बॅगा घेतल्या का?”

ते थांबले. यवतमाळकडचे होते, लेकीकडे स्टुटगार्टला राहून परतत होते, आणि आमच्याच विमानाने नागपूरला निघाले होते. आजोबा अगदी निश्चिंत होते. “बॅगा नागपूरले भेटते न,” ते म्हणाले. “पोरीनं तिथं दोनदा इचारून घेतलं. हे पाहा, नागपूरच लिहेल आहे.” त्यांनी खिशातून बोर्डिंग पास काढला आणि मागे चिकटवलेली पावती आईपुढे धरली.

आईने चष्मा लावून ती पावती नीट वाचली. मग म्हणाली, “भाऊ, मागच्या वर्षी माझ्याही बॅगेवर नागपूरच लिहिलं होतं. ती पाच दिवसांनी आली. इथं आपल्या हातानं घ्यावी लागते, कस्टममधून न्यावी लागते, आणि मग पुन्हा त्यांच्याकडं द्यावी लागते.”

आजोबांना ते पटेना. लेकीने विचारून घेतलेले खोटे कसे असेल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि मला तो अगदी आतून समजत होता. आजी मात्र घाबरल्या. त्यांनी आईला विचारले, “तुमाले तवा कोनं सांगतलं होतं, का थेट जाते म्हनून?”

मी आईच्या खुर्चीच्या मागे, दोन्ही हात मुठींवर ठेवून उभी होते. आईने मागे वळून पाहिले नाही. ती म्हणाली, “सांगणाऱ्याला माहीत नव्हतं, बाई. त्याचा दोष नाही.”

मला तिथे काहीच बोलता आले नाही. मी आजोबांना घेऊन जवळच्या कर्मचाऱ्याकडे गेले. त्याने पावतीकडे न पाहताच सांगितले की सामान इथेच घ्यावे लागेल, सगळ्यांनाच घ्यावे लागते. हे वाक्य तो रोज कितीदा म्हणत असेल, कोण जाणे. पण विचारल्याशिवाय ते सांगायला कोणीही उभे नव्हते. आमच्या विमानात उतरण्यापूर्वी घोषणा झाल्या, पण त्यांत याविषयी एक शब्दही मी ऐकला नाही. म्युनिकच्या काउंटरवर या वर्षीही मला तेच हसू आणि तेच उत्तर मिळाले होते. मी पुन्हा विचारले, तेव्हा त्या मुलीने संगणकात पाहून सांगितले की हो, मुंबईत घ्यावी लागेल बहुतेक. माझी तक्रार त्या मुलीविरुद्ध नाही, तिच्यासाठी नागपूर हे पडद्यावरचे तीन अक्षरांचे नाव आहे. माझी तक्रार ही आहे की ज्या चिठ्ठीवर इतके आकडे आणि रेघा छापल्या जातात, तिच्यावर “मुंबईत ताब्यात घ्या” एवढे तीन शब्द छापायला कोणाला सुचलेले नाही.

त्या दोघांची एक निळी बॅग कोणीतरी आधीच उतरवून खांबापाशी ठेवली होती. दुसरी काळी होती आणि तिच्यावर कसलीही खूण नव्हती. ती सापडायला पंधरा-वीस मिनिटे लागली. तेवढा वेळ आईने जागचे हलायला नकार दिला. व्हीलचेअरवाला मुलगा घाई करत होता, त्याला पुढच्या विमानाचे प्रवासी घ्यायचे होते, आणि त्याचेही चूक नव्हते. पण आईने त्याला शांतपणे सांगितले की आम्ही चौघे बरोबर जाणार आहोत. बॅग सापडल्यावर तिने आपल्या एका बॅगेचा लाल काठ सोडून त्या काळ्या बॅगेला बांधायला मला लावला.

पुढचे सगळे किती सोपे होते, हे सांगताना मला वाईट वाटते. हिरव्या मार्गिकेतून बाहेर आलो, पुढच्या विमानांच्या प्रवाशांसाठीच्या काउंटरवर बॅगा ठेवल्या, तिथल्या मुलाने चिठ्ठी तपासली, जुनीच चिठ्ठी चालली, नवे वजन नाही की पैसे नाहीत, आणि बॅगा आत गेल्या. दोन मिनिटेही लागली नाहीत. एकाच तिकिटावर असल्यामुळे परदेशी प्रवासाचीच वजनाची मर्यादा लागू राहिली. वेगवेगळी तिकिटे काढली असती तर देशांतर्गत प्रवासाच्या पंधरा किलोंच्या हिशेबाने आम्हाला बरेच पैसे मोजावे लागले असते. आणि बॅग हाती आल्यामुळे एक काम साधले. म्युनिकच्या विमानतळावरील दुकानातून आईने नागपूरच्या बहिणीसाठी अर्ध्या किलोची मधाची बरणी घेतली होती. पुढच्या सुरक्षा तपासणीत ती हाताशी चालेल की नाही याची खात्री नव्हती; म्हणून ती बरणी काउंटरपाशीच तिच्या शालीत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवली.

मग वरच्या मजल्यावर सुरक्षा तपासणी, चहा, आणि पहाटेपर्यंत चौघांचे बोलणे. आजींनी यवतमाळचा पत्ता दिला आणि संक्रांतीला यायचे वचन घेतले. विमान वेळेवर सुटले आणि दीड तासात सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर उतरले.

नागपूरच्या पट्ट्यावर पहिली बॅग आली ती लाल काठ बांधलेली काळी बॅग. आजोबांनी ती उचलली आणि आईकडे पाहून हात जोडले. आमच्या दोन्ही बॅगा त्यामागोमाग आल्या. बाहेर भाऊ, वहिनी आणि मावशी गाडी घेऊन आले होते, आणि भावाने पहिला प्रश्न विचारला तो हाच, की या वेळी बॅगा आल्या ना, आई विसरली नाही ना.

मी त्याला तिथेच, सगळ्यांसमोर सांगितले की मागच्या वर्षीही आई विसरली नव्हती. बॅग थेट नागपूरला येईल असे मी तिला तीनदा सांगितले होते, आणि तिने फक्त माझे ऐकले होते. कोणी काही बोलले नाही. आई गाडीच्या मागच्या सीटवर बसत होती. ती म्हणाली, “ते राहू दे. आधी बॅग उघडून बघ, मधाची बरणी फुटली नाही ना.”