मांजर, मनी प्लांट आणि तो बुके

घरी येणारी माणसं आधी खिडकीतल्या कुंड्या बघतात, मग सोफ्यावर पसरलेला बोका, आणि विचारतात, "मांजर असताना मनी प्लांट कसा काय ठेवता? विषारी असतो ना?"

असतो, पण त्याचा प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. मनी प्लांट अळूच्या कुळातला. कच्चं अळू घशाला खाजतं ते कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि तेच याच्या पानात असतात. मांजराने चावा घेतला तर तोंडाची आग होते, लाळ गळते, कधी उलटी होते. जीव सहसा जात नाही. सिंगोनियम, मॉन्स्टेरा, अँथुरियम, नावापुरती लिली असलेली पीस लिली, सगळी याच भाऊबंदकीतली.

मला धास्ती आहे ती वाढदिवसाच्या बुकेची. त्यातल्या मोठ्या, घमघमणाऱ्या ओरिएंटल लिली मांजराच्या किडन्या निकामी करतात. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. फूल खायचीही गरज नाही. येता-जाता केशरी पराग अंगाला लागतो, आणि दिवसभर स्वतःला चाटत बसणं हा तर मांजराचा धर्मच. (कुत्र्याचं एवढ्याने पोट बिघडतं, किडनी वाचते.) आधी उलट्या होतात, मग थांबतात. घरच्यांना वाटतं, टळलं. आणि एक ते तीन दिवसांत किडन्या बंद पडतात. १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली असते, म्हणून "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य इथे चालत नाही. मीठपाणी पाजून उलटी काढायलाही जाऊ नका. झाडाचा फोटो घ्या आणि सरळ डॉक्टर गाठा.

सायकस यकृतावर जातो, कण्हेर हृदयावर. ही दोन्ही माझ्या बाल्कनीत नाहीत. अरेका पाम आणि स्पायडर प्लांट बिनघोर ठेवा. वर एका पसरट कुंडीत मूठभर गहू पेरा. आठवड्याभरात पाती वर येते, आणि चरायची हौस तिथे भागली की बाकीच्या झाडांकडे बोक्याचं लक्ष जरा कमी जातं.

"मग लिली कपाटावर ठेवली तर?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. कपाटाच्या टोकावर बोका रोज दुपारी झोपतो हो. फुलवाल्यालाच सांगा, बुकेत लिली नको, गुलाब घाला.