माझ्या गिटारचा षड्ज

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवण्याचे निमंत्रण आले, तेव्हा समितीने विषयही सुचवला होता : आपली गिटारवादनाची शैली आणि तिच्यावरील प्रभाव. मुलाखतींमध्ये या प्रश्नाला उत्तर देताना मी देशोदेशींच्या वादकांची नावे घेतो, आणि ती खोटी नसतात. परंतु ही स्मरणिका वाचणाऱ्यांपुढे तो शिष्टाचार पाळण्याचे कारण नाही. माझ्या वादनात जे माझे म्हणून ओळखले जाते, ते बहुतेक सारे आपल्या गायनाच्या सरांचे आहे. त्यांचे नाव लिहिण्याचीही गरज नाही. आपल्या शाळेत गायनाचे सर एकच होऊन गेले, असे मानणाऱ्यांपैकी मी एक आहे.

माझी पहिली गिटार भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली. तिथले एक अँग्लो-इंडियन गार्डसाहेब निवृत्तीनंतर मुलाकडे परदेशी निघाले आणि सामानाची विक्री करताना त्यांनी ती माझ्या वडिलांना जवळजवळ फुकटच दिली. वाद्य घरी आले, पण शिकवणारे कोणी नव्हते. सरांनी जन्मात गिटार हातात धरलेली नव्हती; तरीही मी ती शाळेत नेली तेव्हा त्यांनी कपाळाला आठी न घालता पेटीवर काळी एकचा, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज (सा) धरला आणि म्हणाले, ''आधी याच्याशी जमवून घे, मग पाहू.'' आपली प्रार्थना काळी एकमध्येच होत असे, हे सर्वांना आठवत असेल. गिटारच्या रूढ जुळणीला हा सूर सोयीचा नाही, म्हणून मी साऱ्या तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या. त्या आजतागायत तशाच आहेत. पुण्यामुंबईच्या ध्वनिमुद्रणांत की-बोर्डवाले यावरून कुरकुरतात, मी ऐकून घेतो.

आता ओवीचा एक प्रसंग सांगतो. प्रसंग तसा किरकोळ आहे. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या अहवालात त्याची नोंदसुद्धा नसणार. नववीच्या मुली जात्यावरच्या ओव्या म्हणणार होत्या आणि साथीला सरांची पेटी, एक ढोलकी आणि माझी गिटार असे ठरले होते. मी नुकतेच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे स्वरसमूह, शिकलो होतो आणि शिकलेले सगळे कॉर्ड त्या ओव्यांखाली वाजवत होतो. दुसऱ्या ओवीला सरांनी भाता थांबवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, ''काय रे भो, ती बाई पहाटे एकटी जात्यावर बसली आहे. तिच्यामागे ही एवढी पलटण कशाला उभी केलीस?'' मुली हसल्या, मीही हसलो. मग त्यांनी जवळ येऊन माझा डावा हात गिटारच्या मानेवरून अलगद बाजूला केला आणि मोकळ्या तारांपैकी फक्त षड्ज आणि पंचम देणाऱ्या तेवढ्या वाजवायला सांगितल्या. ओवी साडेतीन चरणांची, शेवटचा चरण आखूड; कॉर्डच्या ठरावीक मात्रांत ती आखडून बसत होती, ती आता मोकळी चालू लागली. गाणाऱ्या मुलींनाही ते जाणवले असावे, कारण पुढची ओवी त्यांनी अधिक सावकाश म्हटली.

माझी शैली म्हणतात ती एवढीच आहे. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारांवर षड्ज-पंचम तेवत ठेवतो आणि तर्जनी-मध्यमेने मी वरच्या तारांवर गाणे म्हणतो. तार छेडायची पिक (नखी) वापरत नाही, तारांवरून सरसकट हात फिरवत नाही आणि कॉर्ड टाळता येत असेल तर टाळतो. पुढे कॉलेजात डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश वादकाने 1960च्या दशकाच्या आरंभी रूढ केलेली डी-ए-डी-जी-ए-डी ही जुळणी कळली. मोरोक्कोतल्या ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांबरोबर वाजवता यावे म्हणून त्याने ती योजली, असे सांगतात. आपल्या भाषेत मांडली तर ती सा-प-सा-म-प-सा होते. तंबोरा जवळपास तयारच! दुर्गा रागाला ती फार शोभते, कारण मध्यम आणि पंचम दोन्ही मोकळ्या तारांवर मिळतात. मध्यम नसलेला भूप राग वाजवताना मात्र मध्यमाची तार चुकूनही बोलू नये म्हणून डाव्या हाताचे एक बोट तिच्यावर टेकवून ठेवावे लागते.

काबरांकडेही मला सरांनीच नेले. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवर सळई फिरवून राग वाजवले. 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचली. सरांनी तिची कॅसेट मला एका सुटीसाठी दिली होती. माझी गिटार फ्रेटची, म्हणजे मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असलेली, म्हणून तशी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, माझ्या वाट्याला येणार नव्हती. फ्रेटवर दाबलेली तार आडवी ओढली की स्वर चढतो, उतरत नाही. उतरती मींड हवी असेल तर तार आधीच ओढून धरावी लागते आणि मग सैल सोडावी लागते. त्यात फ्रेटचा शुद्ध गंधार मुळातच किंचित चढा असतो, म्हणजे ओढून तो आणखी बिघडणारच. पेटीचीही हीच अडचण. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली होती, ही गोष्ट सर मिस्कीलपणे सांगत आणि लगेच गंधाराला रिषभाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, देऊन, त्यावर न रेंगाळता पुढे कसे जायचे ते पेटीवर दाखवत. मी अजूनही गंधारावर थांबत नाही. ब्रिटिश रॉक गिटारवादक मार्क नॉफ्लरकडून बोटांनी वाजवण्याचा जोम मी जरूर घेतला, आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात भूपिंदर सिंग यांनी वाजवलेल्या गिटारीने नादाची हौस लावली. पण कुठे थांबू नये, हे पेटीने शिकवले.

खान्देशच्या हवेचाही यात वाटा आहे, तो फारसे कोणी लिहीत नाही. मे महिन्यात आपल्याकडे लाकूड इतके सुकते की मान आक्रसते, फ्रेटची टोके बाहेर येऊन तळहाताला टोचतात आणि पोट, म्हणजे वरची फळी, खाली बसल्यामुळे तारा फ्रेटवर खरखरतात. सरांनी माझी गिटार संगीताच्या खोलीत माठाशेजारच्या खुंटीला टांगायला लावली होती. आज वाद्यांच्या पेटीत ओलावा टिकवणारी साधने मिळतात, त्यांचे कामही माठाहून वेगळे नाही.

गेल्या काही वर्षांत मी खान्देशातल्या कानबाई या देवीच्या गाण्यांच्या चाली गिटारवर बसवल्या. श्रावणात आपल्या बाया रात्रभर म्हणतात ती गाणी बहुधा चार-पाच स्वरांतच फिरतात आणि त्यांना मोकळ्या तारांखेरीज काही लागत नाही. परदेशातल्या श्रोत्यांपुढे ही अहिराणी, म्हणजे खान्देशी बोलीतल्या गाण्याची, चाल वाजवून झाल्यावर हा कुठला राग, असे विचारणारे भेटतात.

मागच्या वर्षी शाळेत आलो तेव्हा संगीताची खोली संगणककक्ष झालेली दिसली. संगणक हवेतच; पण सरांच्या निवृत्तीनंतर गायनाचे पद भरले गेले नाही, प्रार्थना ध्वनिक्षेपकावरून लागते आणि मुले कॉर्ड मोबाइलवर पाहून शिकतात, हे ऐकून वाईट वाटले. सरांची पेटी कपाटाच्या माथ्यावर होती. भाता फाटलेला आहे आणि मधल्या सप्तकातले दोन सूर बोलत नाहीत, बाकी ती धडधाकट आहे. समितीने महोत्सवात वाजवण्याचे आमंत्रण दिले ते मी स्वीकारले आहे, मात्र त्याआधी ती पेटी दुरुस्तीला द्यावी, अशी विनंती केली आहे, खर्च माझा. नववीच्या मुलींनी ओव्या म्हणायची तयारी दाखवली तर तालमींसाठी मी चार दिवस आधी येईन, आणि प्रार्थनाही त्या दिवशी ध्वनिक्षेपकाऐवजी पेटीवर, काळी एकमध्येच व्हावी.