रोज तांच वाजवून कंटाळो येणा नाय?

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की हा प्रश्न ठरलेला. नाटकाला अजून अवकाश असतो, देवळाच्या पडवीत मी पेटी उघडून पट्ट्या पुसत असतो, आणि मुंबईहून आलेला कुणी तरी चहाचा कप पुढे करत विचारतो, "मास्तर, रोज तां तांच वाजवून कंटाळो येणा नाय तुमका?" विचारण्यात खोच नसते. त्या माणसाला खरंच नवल वाटतं, की त्याच पुराणातल्या कथा, तेच राजे, तेच राक्षस, आणि हा गृहस्थ कार्तिकापासून एका कोपऱ्यात मांडी घालून बसलाय. चहा संपेपर्यंत एवढंच म्हणता येतं, "येता कधी कधी." पण इतक्या जणांनी विचारलंय म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकतो.

मी दशावतारी, म्हणजे पुराणातल्या कथांची कोकणातली लोकनाटकं करणाऱ्या, कंपनीत हार्मोनियम वाजवतो. आमचा मोसम कार्तिकातल्या जत्रांपासून सुरू होतो आणि पाऊस पडेपर्यंत चालतो. शिमगा उरकला की देवांच्या जत्रा विरळ होतात. मग उन्हाळ्यात मंदिरांचे वर्धापनदिन, सत्यनारायणाच्या पूजा, कुणाचा नवस, कुणाचं नवं घर. मे महिन्यात तर एका रात्री एका तालुक्यात पाच-सहा ठिकाणी नाटकं लागलेली असतात. वेंगुर्ले, कुडाळ, मालवण, सावंतवाडी, आणि आरोंदा-किरणपाणीचा पूल ओलांडला की गोव्यातलं पेडणे. एका रात्री एका बाजूला, दुसऱ्या रात्री दुसऱ्या बाजूला.

आता 'तांच वाजवणं' म्हणजे काय, तिथून सुरुवात करतो. दशावतारात लिहिलेलं नाटक नसतं. सुरुवातीच्या आडदशावताराचा क्रम बांधलेला असतो: गणपती, रिद्धी-सिद्धी, ब्राह्मण, मोरावरची सरस्वती, मग काळ्या पोशाखातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर. त्यानंतरचं आख्यान त्या त्या रात्री उभं राहतं. रंगपटात सगळे आरशासमोर आपापला चेहरा रंगवत बसलेले असतात, आणि जाणता नट कथा सांगतो. आज नल-दमयंती. पहिला प्रवेश तुझा, दुसऱ्यात कली येईल, जंगलातलं दुःख जरा लांबव, बायका जास्त आहेत आज. संपलं. संवाद ज्याचे त्याने तिथे उभं राहून बोलायचे. मी त्या वेळी दाराशी उभा राहून ऐकतो, कारण ही एवढीच माझी तालीम.

पुढे साडेतीन तास मी काय करतो, ते सांगितल्याशिवाय कळायचं नाही. राजा येतो, बाकड्याभोवती ताल धरून फिरतो, बसतो, बोलू लागतो. तो पाच मिनिटं बोलेल की पंधरा, हे त्यालाही माहीत नसतं. कुठे तरी त्याला पद घ्यावंसं वाटतं. आमच्यातले अनुभवी नट हात मागे नेऊन बोटं दाखवतात. तीन बोटं म्हणजे काळी तीन, पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीचा सूर. नवे पोरगे काहीच दाखवत नाहीत, पण त्यांच्या वाक्याचा शेवटचा शब्द लांबायला लागतो आणि श्वास भरताना खांदे वर जातात. तेवढ्यात सूर पोचला पाहिजे. अर्धा क्षण उशीर झाला तर तो भलत्याच पट्टीत सुरू होतो आणि मग कडवं संपेपर्यंत त्याच्यामागे धावण्यावाचून गत्यंतर नाही.

पखवाजाची गोष्ट आणखी निराळी. तो एका सुराला लावलेला असतो, आणि दर प्रवेशाला डाव्या तोंडावर लावलेली कणीक कमी-जास्त करत, वादीखालचे गठ्ठे ठोकत बसायला वेळ कुणाकडे आहे? समजा पखवाज काळी एकमध्ये बोलतोय. काळी तीनमध्ये गाणाऱ्याला तो पंचम होतो, काळी चारवाल्याला मध्यम. दोन्ही चालून जातं. पण स्त्रीपार्टी करणारा एखादा कलाकार त्या दिवशी घसा बसला म्हणून पांढरी एक मागतो, आणि पखवाज अर्ध्या सुराने कानाशी भांडत राहतो. मग पखवाजवाला शाईवर उघडी थाप कमी देतो, मी आधारषड्ज, म्हणजे मूळ 'सा', जरा दाबून धरतो, झांजवाला आवाज वाढवतो. समोरच्या हजार माणसांना काही कळत नाही. आम्ही तिघं मात्र तोपर्यंत घामाघूम. असं रोज होतं, पण कधीच एकाच जागी होत नाही. यात कंटाळायला फुरसत मिळत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं.

हार्मोनियमवर शास्त्रीय संगीतवाल्यांचा रोष जुना आहे. ही पेटी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, काढू शकत नाही, तिच्या श्रुती ठोकळ्या, वगैरे. आकाशवाणीने तर १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तो रोष चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. ख्यालाच्या मागे पेटी वाजवणं हे वेगळं शास्त्र आहे. शेजारच्या गोव्यातल्या बोरीच्या तुळशीदास बोरकरांनी ते कुठल्या उंचीला नेलं, हे मी ऐकून आहे. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या टेम्पोत पेढे फिरले होते. पण आमच्याकडे पेटीचा तो दोषच कामाला येतो. अर्धा तास ओरडून संवाद म्हटलेल्या, युद्धात गिरक्या घेऊन दम लागलेल्या माणसाला परत यायला हलत नाही असा एक सूर लागतो. सारंगी त्याच्याबरोबर वाहून जाईल. पेटी जागच्या जागी थांबते.

गावं बदलली की ऐकणंही बदलतं. आरवलीला, जिथे वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, त्या पट्ट्यातली म्हातारी माणसं संवादाला दाद देतात. कथेतला एखादा दुवा निसटला तर दुसऱ्या दिवशी हॉटेलात त्यावर चर्चा होते. पेडण्यात नाट्यपदाचे कान आहेत. तिथे जोगिया राग घेतला आणि नटाने तो नीट निभावला की 'वन्स मोअर' येतो, आणि मरणासन्न राणी उठून पुन्हा गाते. मालवणच्या किनाऱ्यावरच्या गाबीत वाड्यांत वेगळीच तऱ्हा. माणसं पहाटे होडीवर जायची, त्यामुळे युद्ध लवकर आणावं लागतं. मे महिन्याच्या शेवटी मात्र तीच माणसं निवांत बसतात, कारण १ जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढायची घाई सुरू झालेली, पूजाही तेव्हाच घालतात. तेव्हा तिथे युद्ध कितीही लांबवा, कुणी उठत नाही. एकच आख्यान, पण पद कुठे घ्यायचं, किती ताणायचं, लय कधी वाढवायची, हे सगळं मांडवात बसलेली माणसं ठरवतात. आमचे नट तर प्रवेश करण्याआधी पडद्याच्या फटीतून पुढची रांग बघून घेतात. मुलं जास्त असली की संकासुर लांबतो. तो मालवणीत बोलतो, गावातल्या सरपंचापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची टोपी उडवतो, आणि त्याच्या मागे मला काहीही वाजवायची मुभा असते.

हल्ली ट्रिकसीनची नाटकं जास्त मागतात. धूर, नाग, उडणारी मुंडकी, रंगीत दिवे. पोरं खूश होतात, मंडळाची वर्गणी वसूल होते, मला त्याचं वावडं नाही. माझं दुखणं एवढंच की काही ठिकाणी त्या प्रसंगांचं संगीत पेनड्राइव्हमधून येतं, आणि तेवढा वेळ नटाला त्या ठरलेल्या लांबीत मरावं लागतं. आमचा राक्षस एरवी मरायला हवा तेवढा वेळ घेतो. तोच त्याचा हक्क आहे.

तर कंटाळा कशाचा येतो? येतो, भरपूर येतो. पहिला नंबर सत्कारांचा. नाटकाची वेळ दहाची छापलेली असते. पावणेअकरा वाजता पाहुणे येतात. मग शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, एकाचं नाव राहिलं म्हणून पुन्हा शाल. रंगून बसलेल्या नटाचा घाम रंगावर येतो, गणपतीचा मुखवटा पेटाऱ्यावर वाट बघत असतो, आणि माझ्या पेटीच्या लाकडाला समुद्राची दमट हवा लागत असते. भाषण करणारे शेवटी हमखास म्हणतात की लोककला जगली पाहिजे. बाराला दहा कमी असताना म्हणतात.

दुसरा नंबर साऊंडवाल्यांच्या एकोचा. देवळाच्या आवारात आधीच आवाज घुमतो. त्यात तो बटण फिरवून ठेवतो, आणि मी एक सूर सोडला की त्याचे तीन सूर परत येतात. पखवाजाचं 'धा' कुठलं आणि त्याचं भूत कुठलं, हे झांजवाल्याला ओळखता येत नाही. "जरा कमी कर रे बाबा" म्हटलं की मुलगा मान डोलावतो आणि वाढवतो.

तिसरा कंटाळा दिवसाचा. रात्री अडीच-तीनला नाटक संपतं, सामान टेम्पोत भरेपर्यंत चार. पुढच्या गावी पोचून देवळाच्या चौकातल्या गार फरशीवर अंग टाकतो, तर सकाळी सातला पूजेच्या तयारीसाठी तीच फरशी धुवायला माणसं हजर. उठायचं, चादर उचलायची, पडवीत जायचं. नऊला पडवीत ऊन. मग आंब्याखाली. दुपारी जेवण मात्र चांगलं असतं, हे नाकारून चालणार नाही: उकड्या तांदळाचा भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, फणसाची भाजी, सोलकढी. रात्रीचं जेवण मी टाळतो. भरल्या पोटाने मांडी घालून भाता मारत बसणं फार वाईट. यजमान माणसं आग्रह करतात, रुसतात, "मास्तर, आमच्याकडचा आवडला नाय?" म्हणतात. त्यावर उपाय सापडलेला नाही.

पेटीचं मात्र दिवसा बघावंच लागतं. आतले सूर म्हणजे पितळी पट्ट्या. खारी हवा लागली की त्यांच्यावर हिरवट पूट चढतं. रीडच्या जिभेखाली वाळूचा किंवा लाल मातीचा कण अडकला की तो स्वर मुका होतो. पातळ कागद घालून हलकेच ओढायचा, बहुधा सुटतो. सूर हलला असेल तर जिभेच्या टोकाकडे बारीक खरवडलं की चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. पण हे काम प्रवासात करू नये, आणि हात थरथरत असताना तर नकोच. मे अखेरीला वळवाचे ढग आले की लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही. म्हणून पेटी टेम्पोत मागे सामानात ठेवत नाही, पुढे ड्रायव्हरशेजारी. माझी जागा गेली तरी चालेल. कंपनीतले नवे लोक यावर हसतात. जुने हसत नाहीत, कारण पूर्वी आमचे लोक पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव चालत जात, आणि आधी सामान मग माणूस ही शिस्त तेव्हाची आहे.

पैशांचं दोन वाक्यांत सांगतो. मोसमात पोटापुरते मिळतात, पावसाळ्यात भातशेती आणि गणपतीतली भजनं असतात. मुंबईला जाऊन ऑर्केस्ट्रात वाजवलं असतं तर जास्त मिळाले असते, हे मला माहीत आहे आणि माझ्या बायकोला माझ्याहून जास्त माहीत आहे.

२०२० साली मार्चच्या शेवटी सगळं बंद झालं तेव्हा ऐन उन्हाळ्यात आम्ही घरी होतो. सत्कार नाहीत, एको नाही, फरशीवरून कुणी उठवत नाही. मी संध्याकाळी ओटीवर पेटी घेऊन बसायचो. सगळी पदं पाठ, सगळ्या चाली हाताखाली. दहा मिनिटांत उठायचो. समोर खांदे वर करून श्वास भरणारं कुणी नसलं की मी वाजवत होतो ते खरंच तांच होतं. त्या दिवसांत मला कुणी हा प्रश्न विचारला असता तर उत्तर एका शब्दात दिलं असतं.

यंदा गावी आलात आणि नाटक लागलं असेल, तर एक करा. समोरच्या मधल्या रांगेत बसू नका, तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या असतात आणि ते सत्कार झाला की उठून जातात. आमच्या बाजूला, रंगमंचाच्या कडेला या. तिथून नटाचा मागचा हात दिसतो, पखवाजवाल्याचे डोळे दिसतात, आणि पद सुरू व्हायच्या आधी आमच्यात काय काय चालतं ते सगळं बघायला मिळतं. खुर्ची आणू नका, चटई आणा. खुर्ची ठेवलीत तर मागच्या बायका ओरडतील, आणि त्यांचा आवाज कुठल्याही पट्टीत लागतो.