पान वाळवायचं नाही, मुरवायचं

मागच्या खेपेला लिहिलं होतं, की शेजारच्या आजोबांच्या परसातल्या तंबाखूच्या कामात मी हाताशी जातोय. त्यावर वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलं: पानं वाळली की झालं ना? मलाही तसंच वाटायचं. पण खरं काम पान वाळल्यावर सुरू होतं: ते उबदार, दमट भट्टीत मुरवायचं.

आधी एक सांगून टाकतो. मी तंबाखू खात नाही, ओढत नाही, आणि घरची म्हणून ती कमी घातक असते असं कुणी समजू नये. मला गोडी लागली ती पानाची. ज्याचं बी एका ग्रॅममध्ये 10,000 च्या वर मावतं, ते झाड एका उन्हाळ्यात माणसाच्या डोक्यावर जातं. पानं खालून वर पिकत जातात, तशीच ती खुडायची. चिकामुळे बोटं काळी पडतात. पान दवानं ओलं असेल तर निकोटीन थेट कातडीतून अंगात जातं आणि मळमळ, चक्कर सुरू होते, म्हणून आजोबा हातमोजे घातल्याशिवाय मला वाफ्यात पाऊल टाकू द्यायचे नाहीत.

पहिली जुडी मी शेडच्या पत्र्याखाली, उकाड्यात टांगली. तीन दिवसांत ती कडकडीत वाळली आणि हिरवीच राहिली. आजोबांनी एक पान उजेडात धरलं. म्हणाले, "हे गेलं. आता भट्टीतही याचं काही व्हायचं नाही." खुडलेलं पान काही दिवस जिवंत असतं. त्या अवधीत ते स्वतःचा हिरवा रंग मोडतं, साठवलेल्या स्टार्चची साखर करतं, पिवळं होतं, मग तपकिरी. त्याआधीच पाणी उडून गेलं, तर सगळं तिथंच थांबतं. ती जुडी फेकताना मला फार वाईट वाटलं. पुढच्या जुड्या सावलीत, दमट हवेत सहा आठवडे टांगल्या.

तपकिरी झालेलं पानसुद्धा कच्चंच असतं. वास गवताचा, चव घशाला चावणारी. क्यूबात अशा पानांचे मोठे ढीग रचतात, त्यांना ‘पिलोन’ म्हणतात. ओलसर पानांचा ढीग आतून आपसूक तापतो. फार तापला की मोडायचा, आतली पानं बाहेर, बाहेरची आत करून पुन्हा रचायचा. पण त्यासाठी शेकडो किलो पान लागतं. आमच्याकडे होती जेमतेम चार किलो. एवढ्याशा ढिगाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही, म्हणून ती बाहेरून द्यायची. भट्टी हवी ती एवढ्यासाठी.

भट्टी म्हणजे बंद पडलेल्या फ्रिजचा सांगाडा. तळाशी पाण्यानं भरलेला स्लो कुकर (मंद तापणारं विजेचं भांडं), त्याला ऊब ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅट, हवा फिरवायला संगणकातला छोटा पंखा, वर दांड्यांवर जुड्या. तापमान 50 ते 52 अंश, आर्द्रता 70 ते 75 टक्के. ऊब याच्या बरीच खाली गेली, तर दमट पानावर बुरशी धरते. फार वर गेली, तर पानातली एन्झाइम्सच, म्हणजे पानात बदल घडवून आणणारी द्रव्यंच, निकामी होतात, आणि सगळं काम त्यांच्याच जिवावर चालतं. याला सगळे आंबवणं म्हणतात. ढिगात सूक्ष्मजीवांचाही हात असतो, पण आमच्या पेटीत मुख्यतः पानाची स्वतःची एन्झाइम्स आणि हवेतला ऑक्सिजन. मला ‘मुरवणं’ हाच शब्द जास्त खरा वाटतो.

पहिल्या आठवड्यात दार उघडलं की चष्म्यावर वाफ आणि नाकात अमोनिया, डोळे चुरचुरायचे. पानातली प्रथिनं मोडत असतात, त्याचा हा वास. दुसऱ्या आठवड्यात तो अचानक थांबला आणि मी खूश झालो. आजोबांनी जुडी हातात घेतली तर पान चुरचुर मोडलं. कुकरमधलं पाणी संपलं होतं! कोरड्या उष्णतेत पान नुसतं वाळतं, मुरत नाही. नशीब इतकंच, की हे हिरव्या पानासारखं कायमचं बिघडत नाही. कुकर भरला, पानांवर पाण्याचा हलका फवारा मारला आणि दोन दिवसांनी अमोनिया परत आला. त्या घाण वासानं मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

ओलाव्याची आजोबांची परीक्षा साधी आहे. पान मुठीत दाबायचं आणि सोडायचं. आवाज न करता हळूहळू उलगडलं तर बरोबर, मोडलं तर कोरडं, चुरगळलेलंच राहिलं तर जास्त ओलं. त्यानंतर मी रोज संध्याकाळी पाणी बघून हीच परीक्षा करायचो.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी वास बदलला. आधी सुक्या गवताचा, मग काहीसा मनुकांसारखा. रंग गडद, पान जुन्या वापरलेल्या कातड्यासारखं मऊ. वर्ष-दोन वर्षं ठेवून जे होतं, त्याच्या जवळपासचं काम या पेटीत महिना-दीड महिन्यात झालं. काल आम्ही भट्टी बंद केली, मधल्या जाड शिरा काढल्या आणि पानं घट्ट झाकणाच्या डब्यात भरली. आजोबांनी झाकणावर तारीख लिहिली आणि खाली दुसरी, दोन महिन्यांनंतरची. तोवर डबा उघडायचा नाही, असं मला दोनदा बजावलंय.